बाबा आमटे आणि त्यांची पाठ

वडोदऱ्याहून पूर्वेला छोटा उदेपूरच्या रस्त्याने निघाले, की मध्य प्रदेशाच्या हद्दीवर फेरकुवा नावाचे लहानसे गाव लागते. आज ते छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. परंतु २०१३ साली हा जिल्हा वेगळा होईपर्यंत तो सगळा मुलूख वडोदरा जिल्ह्यातच होता. १९९० सालच्या डिसेंबरअखेर ह्या गावाच्या हद्दीवर नर्मदेच्या खोऱ्यातून आलेल्या हजारो लोकांची यात्रा अडविली गेली. दिवस कडाक्याच्या थंडीचे होते. यात्रेच्या अग्रभागी शहात्तर वर्षांचे एक गृहस्थ होते. त्यांना कोणी खुर्ची दिली असती तरी तिचा उपयोग नव्हता, कारण त्यांना बसताच येत नसे. ते उभे राहत, चालत, नाहीतर आडवे पडून राहत. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने बसणे ही साधी गोष्ट त्यांच्यापासून कितीतरी वर्षांपूर्वी हिरावून घेतली होती.

वाचकहो, हे गृहस्थ म्हणजे आनंदवनाचे बाबा आमटे. त्यांना जाऊन आता बराच काळ लोटला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते वारले, आणि आज शब्बाथ शाळेत येणारी बहुतेक मुले त्यानंतर जन्मलेली आहेत. शिक्षकांना त्यांचे नाव ठाऊक असते, त्यांनी कुष्ठरोग्यांची सेवा केली एवढेही ठाऊक असते. त्यांच्या पाठीविषयी मात्र कोणी फारसे सांगत नाही. आमच्या मंडळ्यांतून पाठदुखीने बेजार झालेले स्त्रीपुरुष काही थोडे नाहीत. कोणाचे पाणी वाहण्याचे काम, कोणाचे शेतातले, कोणाचे कारखान्यातले, कोणाचे दिवसभर मेजावर वाकून लिहिण्याचे. काही जणांनी तर दुखते म्हणून उपासनेला येणे सोडले आहे, कारण बाकावर तासभर बसवत नाही. अशांच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो ते सहसा उघड विचारीत नाहीत: हे दुखणे जाणारच नसेल, तर आपल्या हातून आता काय व्हायचे? म्हणून बाबांचे चरित्र ह्या वेळी पाठीच्या बाजूने सांगावे असे आम्ही ठरविले.

मुरलीधर देविदास आमटे ह्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका जमीनदार ब्राह्मण घराण्यात झाला. बाबा हे नाव त्यांना आईवडिलांनी लहानपणीच घातले होते. पुढे लोकांनी आदराने दिले असा अनेकांचा समज आहे, तो खरा नव्हे. तरुणपण थाटाचे गेले. स्वतःची मोटार होती आणि तिच्या बैठकींना चित्त्याचे कातडे लावलेले होते. सिनेमाचा नाद मोठा. इंग्रजी नियतकालिकात ते चित्रपटांची परीक्षणे लिहीत आणि हॉलिवूडच्या नट्यांशी त्यांचा पत्रव्यवहार असे. वकिलीची परीक्षा देऊन ते वरोरा येथे वकिली करू लागले. १९४२ च्या चळवळीत त्यांनी पकडलेल्या लोकांचे खटले चालविण्यासाठी वकील गोळा केले व स्वतःही तुरुंगात जाऊन आले. आगगाडीत गोरे शिपाई एका मुलीची छेड काढीत होते, तेव्हा बाबा एकटे त्यांच्या आड गेले आणि मार खाल्ला. ही हकीगत कानी आल्यावर गांधीजींनी त्यांना अभय साधक असे नाव दिले.

ह्या नावाला लवकरच कसोटी लागली. वरोऱ्याच्या नगरपालिकेत ते उपाध्यक्ष होते. भंगी बांधवांच्या कामाच्या परिस्थितीचा प्रश्न पुढे आला, तेव्हा बाबांनी काही महिने स्वतः मैल्याची पाटी डोक्यावर वाहिली. असे काम करीत असता एका पावसाळी संध्याकाळी गटारीच्या कडेला त्यांना काहीतरी पडलेले दिसले. आधी ते चिंध्यांचे बोचके वाटले. जवळ जाऊन पाहिले तो तो माणूस होता, महारोगाने शेवटच्या अवस्थेला पोचलेला. बोटे झडलेली, अंगात किडे पडलेले. त्याचे नाव तुळशीराम. गोऱ्या शिपायांपुढे न डगमगलेले बाबा त्याला पाहून भ्याले आणि घरी पळाले. चरित्रातला हा भाग मुलांना सांगताना शिक्षक कधी कधी गाळतात. आमच्या मते तो गाळू नये. बाबा परत फिरले, तुळशीरामवर आडोसा केला, त्याला खाऊपिऊ घातले. पण आपण भ्यालो ही गोष्ट त्यांच्या मनातून पुढे कित्येक महिने गेली नाही. भीती आहे तेथे प्रेम नाही, असे त्यांच्या मनाने घेतले आणि ती भीती घालविण्याचा मार्ग म्हणून त्यांनी महारोग्यांचे काम पत्करले.

येथे एक शब्द स्पष्ट करतो. महारोग हा शब्द त्या काळी सर्रास वापरीत, संस्थेच्या नावातही तो आहे. आता कुष्ठरोग म्हणतात आणि तेच बरे.

१९४६ च्या डिसेंबरात बाबांचा विवाह नागपूरच्या घुले शास्त्री घराण्यातील इंदू ह्यांच्याशी झाला. लग्नानंतर त्या साधनाताई झाल्या. एका लग्नघरी सगळी मंडळी थट्टामस्करीत असता ही मुलगी म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुण्यास मदत करीत होती, हे पाहून बाबांनी तिला मागणी घातली, अशी हकीगत सांगतात. ज्या वाटेने पुढे जायचे होते त्या वाटेला अशीच सोबतीण लागणार होती. बाबांच्या पाठीचे ओझे पुढील साठ वर्षे कोणी उचलले असेल तर ते साधनाताईंनी. त्यांनी समिधा नावाचे आत्मचरित्र लिहिले आहे. ज्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असेल आणि कोणी त्याचे करीत असेल, त्या घरी दोघांनीही ते वाचावे.

१९४९ साली बाबांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेत कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. ह्या रोगाचे जंतू १८७३ साली नॉर्वेतील हान्सेन ह्यांनी शोधून काढले होते, पण प्रयोगशाळेत ते काही केल्या वाढत नव्हते. तेव्हा प्रयोगासाठी बाबांनी आपल्या शरीरात ते जंतू टोचून घेतले. रोग लागला नाही. आज आपल्याला माहीत आहे, की बहुतेक माणसांच्या शरीरात ह्या रोगाला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. हे त्या दिवशी बाबांना माहीत नव्हते, एवढे लक्षात ठेवले पाहिजे. घरी तरुण पत्नी आणि दोन तान्ही मुले होती. ह्या कृत्याला धाडस म्हणावे की अविचार, ह्याविषयी दोन मते होऊ शकतील. आम्ही स्वतः घरच्या माणसांचा विचार केल्यावाचून त्याची स्तुती करू शकत नाही.

१९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ पन्नास एकरांवर आनंदवन सुरू झाले. सहा रोगी, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय एवढे भांडवल. विनोबाजींच्या हस्ते उद्‌घाटन झाले. विहीर नव्हती, झोपडी नव्हती, साप व विंचू मात्र भरपूर. बाबा आणि रोगी ह्यांनी मिळून पहिली विहीर खणली. खडक फोडणे, माती वाहणे, दगड रचणे हेच काम वर्षानुवर्षे चालले. शेत पिकू लागले तेव्हा आसपासचे लोक रोग्यांच्या हाताची भाजी घेईनात. १९५४ साली आंतरराष्ट्रीय सेवा संघटनेचे तरुण अनेक देशांतून येऊन तेथे बांधकामाला राबले, रोग्यांत मिसळून जेवले, आणि हे पाहून गावकऱ्यांची भीती ओसरू लागली. पुढे तेथे दवाखाना, शाळा, अंध व मूकबधिर मुलांचे शिक्षण, महाविद्यालय, हातमाग, सगळे उभे राहिले. १९६७ साली सोमनाथचा प्रकल्प निघाला आणि १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला माडिया आदिवासींमधील काम सुरू झाले, ते चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी ह्यांनी चालविले.

ह्या कामात बाबा पहिले नव्हते, आणि तसे सांगणे त्यांच्यावरही अन्याय होईल. मिशनऱ्यांनी हे काम त्यांच्या फार आधी आरंभले होते. वेलस्ली बेली ह्यांनी १८७४ साली स्थापलेली संस्था कोठारा, पोलादपूर वगैरे ठिकाणी रोग्यांची शुश्रूषा करीत आली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण ह्यांनी १९३६ साली काम सुरू केले होते. बाबांचे वेगळेपण एका गोष्टीत होते. रोग्याला आसरा व अन्न देऊन ते थांबले नाहीत. त्याच्या हातांत कुदळ दिली, आणि दान घेण्याऐवजी कमावण्यास शिकविले.

आता पाठीकडे वळू.

आपल्या कण्यात मानेचे सात, मधल्या पाठीचे बारा आणि कमरेचे पाच असे सुटे मणके असतात. त्यांखाली माकडहाडाकडचे मणके एकमेकांना जुळून गेलेले असतात. मधल्या बारांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे तो भाग त्यातल्या त्यात ताठ. मान व कमर ह्यांची हालचाल जास्त, म्हणून झीजही तेथेच जास्त. दोन मणक्यांमध्ये लवचिक चकती असते. वय होते तशी ती सुकते, तिची उंची घटते, मणक्यांच्या कडांना हाडाचे कोंब फुटतात आणि कधी कधी शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब येतो. डॉक्टर ह्याला स्पाँडिलोसिस म्हणतात. बाबांना हा विकार मानेत व कमरेत असा दोन्हीकडे होता, आणि ज्याचा कणा दोन टोकांना असा धरला आहे त्याची मधली पाठ सुखाने राहत नाही, हे ज्यांना दुखते त्यांना सांगायला नको.

तो कष्टाने जडला काय? लोक सहज म्हणतात, की खडक फोडून बाबांची पाठ गेली. असे एका माणसाविषयी कोणालाच छातीठोकपणे सांगता यायचे नाही. जुळ्या भावंडांच्या पाठी तपासून पाहिलेल्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे, की चकत्यांच्या झिजेत जड कामापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आणखी एक गोष्ट: क्ष-किरणांच्या चित्रात झीज दिसणारे कितीतरी लोक असे असतात, की ज्यांना मुळीच दुखत नाही. तेव्हा चित्र पाहून कोणी घाबरू नये, आणि कष्टाला शिव्याही देऊ नयेत.

बाबांना बसवत का नसे, ह्याचेही कारण आहे. स्वीडनमधील नाकेमसन नावाच्या शल्यवैद्यांनी १९६० नंतरच्या वर्षांत जिवंत माणसांच्या कमरेच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. माणूस आडवा असता दाब सर्वांत कमी, उभा असता त्याहून जास्त, आणि आधाराशिवाय बसला, त्यातही पुढे वाकून बसला, की उभ्यापेक्षाही जास्त असे आढळले. आपल्याला वाटते बसणे म्हणजे विश्रांती. पाठीला तसे वाटत नाही.

आराम मिळविण्यासाठी जे करायचे ते बाबांनीही केले. औषधे झाली, शस्त्रक्रिया झाली. दुखणे गेले नाही. आपल्याकडे पाठ धरली की माणूस प्रथम शेक घेतो, मग मालिश, मग कोणी हाडवैद्य. बडोद्याला तर ह्या विद्येची परंपराच होती. जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रो. माणिकराव व्यायामाइतकेच हाडे बसविण्यासाठीही प्रसिद्ध होते आणि त्यांच्याकडे लांबून लोक येत. अशा हातांनी पुष्कळांना बरे वाटले असेल, ह्यात शंका नाही. परंतु आजच्या काळात एवढे सांगणे आमचे कर्तव्य आहे, की पाठीच्या दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री झोपेतही कळ थांबत नसेल, पाय लुळे पडत असतील किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर मालिश करवून न घेता तडक डॉक्टरांकडे जावे. आपल्या देशात मधल्या पाठीच्या अशा दुखण्यामागे कण्याचा क्षय असू शकतो. त्यावर औषधे आहेत, मात्र वेळ दवडता येत नाही. असे काही नसेल, तर साध्या पाठदुखीला अंथरुणावर पडून राहण्याने गुण येत नाही. झेपेल तेवढे हिंडते फिरते राहावे, असेच आता डॉक्टर सांगतात. पूर्वी ह्याच्या उलट सांगत, आणि पुष्कळांची पाठ त्या विश्रांतीनेच अधिक आखडली.

बाबांच्या बाबतीत दुखणे हटणार नाही हे स्पष्ट झाल्यावर पुढे काय झाले, तेच आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. ते घरी बसले नाहीत, असे म्हणावे तर शब्दशः खरे ठरेल. त्यांनी आपला दिवस दोनच स्थितींत वाटून टाकला: एक पायांवर, एक पाठीवर. भेटायला आलेली माणसे खाटेशेजारी बसत, बाबा पडून बोलत. मोठे पाहुणे आले तरी हाच रिवाज. ह्यात त्यांना संकोच वाटत नसे आणि पाहुण्यालाही थोड्या वेळाने वाटेनासा होई. आपल्याकडे आजारी माणूस पाहुणा आला की धडपडत उठून बसतो, कळा सोसतो, आणि पाहुणा गेल्यावर दोन दिवस कण्हतो. घरची माणसेही त्याला उठवतात, कारण लोक काय म्हणतील. ह्या गोष्टीचा विचार आमच्या बंधुभगिनींनी जरूर करावा. मंडळीच्या सभेत कोणी भिंतीला टेकून उभा राहिला, किंवा मागे सतरंजीवर आडवा झाला, तर आपण त्याच्याकडे कशा नजरेने पाहतो?

आणखी एक गोष्ट मनात येते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या माणसाची पाठ अहोरात्र दुखत होती, तो अशा लोकांत राहत होता ज्यांना दुखतच नव्हते. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर घाला घालतात आणि हातापायांची संवेदना नाहीशी होते. चूल विस्तवाने लाल असली तरी हाताला कळत नाही. चपलेतला खिळा पायात रुततो, जखम होते, चिघळते, आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. बोटे रोगाने आपोआप झडतात असे लोकांना वाटते. खरे म्हणजे वेदना कळत नसल्यामुळे झालेल्या इजा व संसर्ग त्यांना खाऊन टाकतात. हे जगापुढे ज्यांनी आणले त्यांत वेल्लोरचे मिशनरी शल्यवैद्य डॉ. पॉल ब्रँड प्रमुख होते. योगायोग असा, की तेही १९१४ सालीच जन्मले, तेही भारतात, मद्रास इलाख्यातील डोंगराळ भागात एका मिशनरी कुटुंबात. १९४६ साली ते वेल्लोरला आले आणि कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून ते पुन्हा कामाचे करू लागले. पुढे त्यांनी वेदनेवरच एक ग्रंथ लिहिला, आणि कोणालाही नको असलेली ही देणगी नसेल तर माणसाचे काय होते हे दाखवून दिले. एकीकडे ब्रँड, दुसरीकडे बाबा. मात्र पाठीचे जुनाट दुखणे हे देणगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. खिळा रुतल्याची कळ माणसाला सावध करते. वर्षानुवर्षे ठणकणारी पाठ तशी कशापासूनच वाचवीत नाही. ती घंटा वाजवणारा निघून गेल्यावरही वाजत राहते. हा भेद न करता दुखणाईताला देवाची देणगी वगैरे सांगत बसणारे लोक पाहिले, की आम्हाला त्या दुखणाईताची दया येते. प्रेषित पौलाने आपल्या देहातील काट्याविषयी लिहिले आहे, तोही काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली होती.

१९८५ साली देशाची स्थिती बिकट होती. पंजाब पेटला होता. इंदिराजींची हत्या आणि त्यानंतरच्या दंगली ह्यांना एक वर्ष उलटले होते. २४ डिसेंबरला, एकाहत्तरावा वाढदिवस दोन दिवसांवर असता, बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. शंभरावर तरुण मुलेमुली सायकलींवर, आणि बाबा बरोबरच्या मोटारीत आडवे. सुमारे पाच हजार किलोमीटरची ही यात्रा १९८६ च्या एप्रिलपर्यंत चालली. तिचे नाव भारत जोडो. गाव आले की मोटार थांबे, बाबा उतरत, उभ्याने सभेत बोलत आणि पुन्हा जाऊन पडत. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा झिजलेल्या मणक्यांना काय करतो, हे ज्याने दुखऱ्या पाठीने एस.टी.चा प्रवास केला आहे त्याला विचारावे. एवढे करून १९८८ साली ते दुसऱ्यांदा निघाले: अरुणाचलातील इटानगरपासून सौराष्ट्रातील ओखा बंदरापर्यंत. पहिली यात्रा दक्षिणोत्तर, ही पूर्वपश्चिम.

ह्याच काळात मानसन्मान भरभरून आले. १९८३ साली डेमियन-डटन पुरस्कार, १९८५ साली मॅगसेसे, १९८६ साली पद्मविभूषण, १९८८ साली संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्क पुरस्कार आणि १९९० साली टेंपल्टन. डेमियनच्या नावाचा पुरस्कार आमच्या वाचकांना विशेष वाटेल. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहून १८८९ साली त्याच रोगाने मेलेले हे धर्मगुरू. टेंपल्टन हा तर धर्माच्या क्षेत्रातील मोठा पुरस्कार, आणि तो कोणत्याही मंदिरात वा चर्चमध्ये न जाणाऱ्या माणसाला मिळाला. बाबा ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांना मागाहून आपलेसे करून घेण्याची गरज आम्हाला वाटत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूने कुष्ठरोग्याला हात लावला हे शिकविताना तुळशीरामची हकीगत सांगितली, तर मुलांच्या लक्षात राहील, इतकेच.

आणि मग नर्मदा. १९९० साली बाबांनी आनंदवन सोडले आणि बडवानीजवळ कसरावद येथे नदीकाठी बिऱ्हाड केले. पंचाहत्तरी उलटलेली, कणा गेलेला, हृदयही साथ देईनासे झालेले. साधनाताई बरोबर होत्याच. सरदार सरोवर धरणाने ज्यांची घरेशेते बुडणार त्यांच्यामध्ये राहायचे, हा त्यांचा निश्चय. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी बडवानीजवळच्या राजघाटाहून लोक पायी निघाले आणि फेरकुव्याला अडविले गेले. पलीकडे गुजरातची पोलीस आणि धरण व्हावे म्हणून जमलेले लोक, अलीकडे यात्रेकरू. मेधा पाटकर आणि त्यांच्या काही सोबत्यांनी ७ जानेवारी १९९१ पासून उपोषण केले. ते बावीस दिवस चालले. बाबा त्या उघड्यावर आपल्या लोकांबरोबर राहिले. बैठा सत्याग्रह हा आपल्या चळवळींचा नेहमीचा मार्ग. ज्याला बसता येत नाही त्याने तो पडून केला.

त्या वेळी वडोदऱ्यातली पुष्कळ मंडळी बाबांवर रुष्ट होती, हेही सांगितले पाहिजे. सौराष्ट्र व कच्छ पाण्यावाचून तडफडत असता ह्या महाराष्ट्रातल्या साधूने येऊन आडवे पडावे, हे त्यांना रुचले नाही. त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांचा राग समजण्यासारखा होता. फेरकुव्याच्या त्या दिवसांनंतर जागतिक बँकेने स्वतंत्र चौकशी नेमली. तिचा अहवाल १९९२ च्या जूनमध्ये आला आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने बँकेचे उरलेले कर्ज घेणे थांबविले. धरण मात्र थांबले नाही. ते १३८.६८ मीटर उंचीचे होऊन १७ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्राला अर्पण झाले, आणि त्याचे पाणी कच्छपर्यंत जाते. ज्यांची गावे बुडाली त्यांच्यापैकी कित्येकांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी त्यानंतरही उरल्या. बाबांना जे हवे होते ते झाले नाही. त्यांनी आपले पद्म पुरस्कार १९९१ सालीच सरकारला परत केले होते.

कसरावदला ते सुमारे दहा वर्षे राहिले. लोक भेटायला येत, बाबा पडून ऐकत, नदी समोर असे. प्रकृती अगदीच खालावल्यावर ते आनंदवनात परतले. १९९९ सालचा गांधी शांतता पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या रोग्यांसाठी त्यांनी आयुष्य घातले त्यांची स्थितीही ह्या काळात पालटली. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेला अनेक औषधांचा एकत्र उपचार सुरू झाला आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. कायदा मात्र मागे रेंगाळला होता. नवरा किंवा बायको कुष्ठरोगी आहे म्हणून घटस्फोट मागण्याची मुभा ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाच्या कायद्यातही होती. ती २०१९ साली रद्द झाली. आमच्या मंडळ्यांत ह्याची फारशी चर्चा झाली नाही, ह्याचे आम्हाला नवल वाटते.

२००७ साली बाबांना रक्ताचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय त्र्याण्णव होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता त्यांना तेथल्याच मातीत पुरण्यात आले. पन्नासांवर वर्षांपूर्वी ती जमीन नुसता खडक होती, आणि कुदळीने ती फोडणाऱ्यांत ते स्वतः होते. साधनाताई त्यानंतर तीन वर्षे आनंदवनातच राहिल्या. ९ जुलै २०११ रोजी त्याही गेल्या.